झाकलेला विस्तव

मार्गशीर्ष सरत आला, की सेलू तालुक्याच्या शिवारात रब्बीच्या ज्वारीचे दाणे दुधाळ अवस्था ओलांडून हुरड्याला येतात, आणि दुधना नदीच्या दोन्ही अंगांच्या रानांतून, मग ती निम्न दुधना प्रकल्पाच्या कालव्यावर भिजणारी असोत, विहिरीच्या पाण्यावर पोसलेली असोत, अथवा केवळ परतीच्या पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवर तगलेली असोत, माघ महिन्यापर्यंत रोज कोठे ना कोठे धुराची एक बारीक रेघ वर चढताना दिसते. हा धूर आगटीचा. ज्या मुलखात परभणीच्या कृषी विद्यापीठाने सिद्ध केलेल्या रब्बी ज्वारीच्या एका वाणाला ‘परभणी मोती’ असे कौतुकाचे नाव मिळाले, त्या मुलखात हुरडा हा ऋतूचा उत्सवच असतो. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडे गेलेली मुले, सासरी नांदणाऱ्या लेकी आणि मानाचे व्याही यांना त्याचे आग्रहाचे आमंत्रण जाते, आणि ज्याच्या रानात आगटी पेटली नाही त्याला ते वर्ष काहीसे उणे गेल्यासारखे वाटते.

आगटीची रचना वरकरणी साधी, पण तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण साठलेले आहे. हातभर रुंदीचा आणि वीत-दीडवीत खोलीचा एक खड्डा जमिनीत खणावयाचा. तळाशी पऱ्हाट्यांचे किंवा तुराट्यांचे पेटण घालून त्यावर शेणाच्या गोवऱ्या उभ्या-आडव्या रचावयाच्या. आणि ज्वाला ओसरून, धूर निवळून, गोवऱ्या आतून लालबुंद व बाहेरून पांढरट झाल्या, की त्या गरम राखेत ज्वारीची कोवळी कणसे देठापर्यंत खुपसावयाची. ज्वाळेवर धरलेले कणीस बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. राखेतले कणीस मात्र सगळ्या बाजूंनी सारखी, मंद आणि टिकाऊ ऊब मिळाल्यामुळे आपल्याच ओलाव्यात शिजते. म्हणून जाणता माणूस आगटी ‘फुलण्याची’ वाट पाहत बसतो, घाई करीत नाही. मग कणीस बाहेर काढून, राख झटकून, ते तळहातावर अथवा गोणपाटावर चोळावे, फुंकर मारून कोंडा उडवावा, आणि हिरवे, मऊ, गोडसर दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर किंवा घट्ट दह्याबरोबर पाहुण्याच्या पुढ्यात टाकावे.

ही सारी विद्या मराठीत पुष्कळांनी पुष्कळ रसाळपणे वर्णिलेली आहे. परंतु आगटी पेटविण्यापासून हुरडा चोळण्यापर्यंतचा प्रत्येक तपशील ज्या प्रेमाने सांगितला जातो, त्या प्रेमाचा एक शतांशही तिच्या शेवटाच्या वाट्यास आलेला नाही. दिवस कलतो, पाहुण्यांना आगगाडी किंवा एस. टी. गाठावयाची असते, सतरंज्या झटकल्या जातात, भांडीकुंडी गोळा होतात, आणि निघता निघता घरधनी पायाने किंवा फावड्याने थोडीशी माती खड्ड्यात लोटून निश्चिंत मनाने गावाकडे वळतो. धूर थांबलेला असतो, ज्वाला दिसत नाही, आणि खड्डा बुजला म्हणजे विस्तव विझला असा सर्वांचा समज झालेला असतो. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे नीट समजावून सांगणे हेच या प्रकरणाचे प्रयोजन. कारण विस्तव झाकणे आणि विस्तव विझविणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, इतकेच नव्हे, तर बहुधा परस्परांच्या विरुद्ध आहेत.

आश्चर्य असे, की ही गोष्ट आपल्याच आज्या-पणज्यांना उत्तम ठाऊक होती. आगकाडीची पेटी गावोगाव पोहोचण्यापूर्वी, आणि पोहोचल्यानंतरही काडी काडी जपून वापरावी लागे त्या काळात, घरातला विस्तव रात्रीतून विझू नये याची काळजी घेणे हे गृहिणीचे एक नित्यकर्मच होते. रात्रीचा स्वयंपाक आटोपला, की चुलीतले मोठे निखारे एका कडेला ओढून, त्यांत एखादी गोवरी ठेवून, वर राखेची जाड गोधडी पांघरली जाई. आणि पहाटे उठून ती राख उलथनीने बाजूला सारून फुंकर घातली, की आतला विस्तव पुन्हा डोळे उघडी. ज्या घरी हा विस्तव दैववशात विझे, त्या घरची सून शेजारी गोवरीच्या तुकड्यावर विस्तव मागावयास जाई. अग्निहोत्र सांभाळणाऱ्या घराण्यांतूनही गार्हपत्य अग्नी अखंड ठेवण्यासाठी राखेच्या आच्छादनाचाच आश्रय केला जात असे. जी क्रिया अग्नी रात्रभर जिवंत ठेवण्यासाठी आपल्या पूर्वजांनी बुद्धिपुरस्सर योजिली, तीच क्रिया आपण आज रानात अग्नी मारण्यासाठी करतो आणि तिच्यावर भरवसा ठेवून घरी जाऊन झोपतो!

दुसरा दाखला होळीचा. फाल्गुनी पौर्णिमेच्या सायंकाळी पेटविलेल्या होळीवर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवून त्या पाण्याने मुलांना न्हाऊ घालण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणजे ज्या ढिगाची ज्वाला मध्यरात्रीच मावळली, त्या ढिगात धुळवडीच्या सकाळी हंडा तापण्याइतका विस्तव शिल्लक असतो, हे आपण दरवर्षी प्रत्यक्ष पाहतो. तिसरा दाखला याहूनही बोलका आहे. रायगडाकडून कामासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांत उतरणारी कातकरी कुटुंबे कोळशाच्या ज्या भट्ट्या लावतात, त्यांत लाकडे रचून, वर पालापाचोळा व माती यांचे आवरण घालून, आतला अग्नी दिवसच्या दिवस धुमसत ठेवला जातो. आणि भट्टीची राखण करणाऱ्याचे मुख्य काम कोणते, तर मातीच्या थराला पडलेली प्रत्येक चीर वेळच्या वेळी लिंपणे, कारण चीर राहिली तर वारा आत शिरून साऱ्या लाकडाची राख होते. मातीखाली अग्नी मरत नाही, केवळ त्याची गती मंदावते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

याचे कारण ज्वलनाच्या स्वरूपात आहे. अग्नीला इंधन, हवेतील प्राणवायू आणि उष्णता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. त्यांपैकी एक काढून घेतली की अग्नी संपतो, असे आपण शाळेत शिकलेलो असतो, आणि ते खरे आहे. परंतु ज्वलनाचे दोन प्रकार आहेत. लाकूड किंवा गोवरी तापली, की तिच्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात आणि ते हवेत जळतात तेव्हा आपल्याला ज्वाला दिसते. हे वायू संपले, की मागे राहिलेला कोळसा आपल्या पृष्ठभागावरच, ज्वालेवाचून, सावकाश जळत राहतो. या दुसऱ्या प्रकाराला आपण धुमसणे म्हणतो, आणि त्याला प्राणवायू अत्यंत थोडा पुरतो. सैल मातीच्या कणांमधून, राखेच्या भुसभुशीत थरातून जेवढी हवा झिरपते तेवढ्यावर तो तासन्‌तास चालतो. शिवाय तापून लाल दिसणे हीही विस्तवाची विश्वासार्ह खूण नव्हे. साधारणतः ५०० अंश सेल्सियसच्या खाली उतरलेला पदार्थ काळोखातसुद्धा आपल्या डोळ्यांना लाल दिसत नाही, आणि सुक्या गवतासारखे व पालापाचोळ्यासारखे अनेक पदार्थ त्याहून पुष्कळ कमी उष्णतेवर पेट घेऊ शकतात. माणसाच्या कातडीचे तर विचारूच नये. ६० अंशांच्या स्पर्शाने काही सेकंदांत ती खोलवर भाजते.

अग्नी विझवावयाचा, तर हवा कोंडण्यापेक्षा उष्णता काढून घेण्याचा मार्ग अधिक खात्रीचा ठरतो, आणि त्या कामी पाण्याची बरोबरी करणारा दुसरा पदार्थ सामान्य माणसाच्या हाताशी नाही. थोडा हिशेब मांडून पाहू. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढण्यास एक कॅलरी उष्णता लागते. विहिरीचे पाणी २५ अंशांचे धरले, तर ते उकळीच्या १०० अंशांपर्यंत जाण्यास ७५ कॅलरी खर्ची पडतील. आणि खरी मौज पुढेच आहे, कारण उकळीला आलेल्या त्या एका ग्रॅमची वाफ होण्यासाठी आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. एकूण ६१५ कॅलरी. आता कोरडी माती घ्या. तिची उष्णता शोषण्याची शक्ती पाण्याच्या साधारण एक पंचमांश. म्हणजे २५ अंशांची एक ग्रॅम माती १०० अंशांपर्यंत तापताना निखाऱ्याकडून जेमतेम १५ कॅलरी घेते, आणि तिच्यात ओल नसल्यामुळे वाफेचा लाभ मुळीच होत नाही. वजनास वजन धरले, तर पाणी मातीपेक्षा चाळीसपट अधिक उष्णता हरण करते. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १,६०० ते १,७०० पट वाढते व ती वाफ निखाऱ्यांभोवतीची हवा बाजूला लोटते, हा वरकड फायदा. कोरडी माती मात्र उष्णतेची वाईट वाहक असल्यामुळे आतली उष्णता आतच राखून ठेवते. आणि वर पाहणाऱ्याला सपाट, थंड, निरुपद्रवी जमीन दिसते.

सेलूच्या परिसरातील जमिनीमुळे हा प्रश्न आणखी बिकट होतो. इकडची भारी काळी जमीन कापसाला व ज्वारीला मोठी मानवते, कारण तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. परंतु तीच चिकणमाती सुकताना आकसते, आणि हुरड्याच्या दिवसांत, पीक उभे असतानाच, रानाला भेगा पडू लागतात. फाल्गुन-चैत्रापर्यंत या भेगा इतक्या रुंदावतात की त्यांत हात सहज जातो, आणि खोलीही पुष्कळदा अर्ध्या मीटरहून अधिक भरते. या भेगांत ज्वारीची वाळकी पाने, गवताच्या काड्या, मागल्या पिकाच्या धसकटांचे अवशेष वाऱ्याने येऊन पडलेले असतात. अशा रानात खणलेल्या आगटीच्या भिंतीला एखादी भेग भिडली असेल, तर वरून माती लोटली तरी हवा बाजूने पोहोचत राहते. आणि निखाऱ्याचा एखादा तुकडा भेगेत घरंगळला, तर तो कोठे, किती वेळ धुमसत राहील याचा अंदाज वरून बांधता येत नाही. म्हणून आगटीसाठी जागा निवडताना भेगाळलेले रान टाळून, पायवाटेजवळची किंवा खळ्याची घट्ट, चोपलेली जमीन घ्यावी. बांधावरच्या बाभळीचा बुंधाही आडोसा म्हणून मोहात पाडतो, पण त्याच्या मुळांपाशी विस्तव कदापि करू नये. जुन्या झाडाचे पोकळ मूळ एकदा आतून पेटले, की वरून पाणी ओतूनही ते हाती लागत नाही, आणि उभे झाड काही दिवसांनी अकस्मात कोसळते.

इंधनाइंधनांतही फरक आहे. पऱ्हाटी व तुराटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर संपते. तिची भीती उडणाऱ्या ठिणग्यांची. बाभळीचे लाकूड जड, त्याचा निखारा टणक, आणि तो फोडल्यावाचून आतपर्यंत थंड होत नाही. पण सर्वांत फसवी शेणाची गोवरी. ती जळून गेली तरी तिचा आकार मोडत नाही; वरचा पांढरा, हलका थर जसाच्या तसा उभा राहतो, आणि त्याच्या आत दोन बोटांवर लाल गाभा लपलेला असतो. ज्या गुणामुळे गोवरी हुरड्याला उत्तम, त्याच गुणामुळे ती विझविण्यास सर्वांत कठीण.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू, आणि ती थोडी तपशिलाने सांगणे भाग आहे. विझविण्याची सुरुवात पेटविण्यापूर्वीच होते. आगटीच्या सभोवार निदान दहा फुटांचे वर्तुळ पाचट, काडीकचरा काढून झाडून घ्यावे. कडब्याची गंजी, गोठा आणि उभे पीक वाऱ्याच्या दिशेला पडणार नाही असे पाहावे. आणि पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या किंवा घागरी खड्ड्यापासून हाताच्या अंतरावर आणून ठेवल्यावाचून काडी ओढू नये. ‘विहीर जवळच आहे’ या शब्दावर विसंबणे धोक्याचे, कारण शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते, आणि आपण निघावयाच्या वेळीच मोटार मुकी असण्याचा संभव पुष्कळ. निघण्याच्या तासभर आधीपासून नवी गोवरी घालणे बंद करावे. मग, कणसे संपल्यावर, लांब दांड्याच्या फावड्याने किंवा ओल्या काठीने सगळ्या गोवऱ्या मोडाव्यात, मोठे निखारे फोडावेत आणि ढीग खड्ड्याच्या तळभर पातळ पसरावा. ढिगात उष्णता एकमेकांना पोसते, पसरल्यावर ती निसटते. यानंतर वाऱ्याकडे पाठ करून, थोडे मागे उभे राहून, तांब्याने पाणी शिंपडत जावे. बादली एकदम उपडी करू नये. गरम राखेवर पाण्याचा लोट पडला, की वाफेचा व राखेचा फवारा उसळून तोंडा-डोळ्यांवर येतो, आणि त्यातच लहान मुले कौतुकाने खड्ड्यावर वाकलेली असतात. पाणी पडताच चर्र आवाज होईल, पांढरी वाफ उठेल. ती ओसरली, की पुन्हा सारा खड्डा तळापासून ढवळावा, कडेची तापलेली माती खरवडून आत घ्यावी, कडेला टेकणीचे दगड लावले असतील तर ते उलटे करून त्यांच्या पोटाखालीही पाणी घालावे. नदीच्या पात्रातले भिजके दगड आगटीला मुळात लावूच नयेत, कारण त्यांच्या आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतात आणि त्यांचे कपरे उडतात. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणे. चर्र आवाज थांबेपर्यंत, वाफ उठेनाशी होईपर्यंत, आणि राखेचा सगळीकडे सारखा, काळसर, सैल चिखल होईपर्यंत हा क्रम सोडू नये.

मग परीक्षा. हाताचा पंजा उताणा करून, बोटांच्या मागची बाजू प्रथम चिखलाच्या वर थोड्या अंतरावर धरावी; ऊब लागत नसेल तर हळूहळू खाली नेत चिखलाला, आणि शेवटी त्याच्या आतल्या मातीला टेकवावी. जेथे कोमट लागेल तेथे आणखी पाणी. पाव-अर्धा तास थांबून, सामानाची आवराआवर उरकून, निघताना हीच परीक्षा पुन्हा एकदा करावी, कारण दडलेला गाभा इतक्या अवधीत आपली उष्णता पुन्हा वर पाठवितो. हात टेकवून खातरजमा झाली म्हणजेच आगटी विझली. डोळ्यांनी पाहून नव्हे. बालवीरांच्या शिक्षणात दोनच काड्यांत विस्तव पेटविण्याच्या कसोटीला मोठा मान आहे. माझ्या मते विझविलेल्या जागी उघडा हात ठेवून दाखविण्याच्या कसोटीला तितकाच मान मिळावयास हवा.

मराठवाड्याच्या पाण्याची अवस्था ज्याला ठाऊक आहे, तो येथे सहजच विचारील, की पिण्याला पाणी नाही तेथे आगटीला दोन बादल्या कोठून आणावयाच्या? शंका रास्त आहे. पाणी अपुरे असेल तेव्हा मातीचा उपयोग अवश्य करावा, परंतु झाकण म्हणून नव्हे, तर मिश्रण म्हणून. खड्ड्याच्या कडेची खोलवरची, ओल धरून असलेली काळी माती खणून काढावी, निखारे उघड्या जमिनीवर पातळ पसरावेत, आणि ती ओली माती त्यांच्यात पुन्हा पुन्हा कालवावी, चोळावी, उलटावी. म्हणजे प्रत्येक निखाऱ्याला मातीचा स्पर्श होऊन त्याची उष्णता वाटली जाते. याला वेळ फार लागतो, आणि शेवटी हाताची परीक्षा येथेही चुकत नाही. एवढा वेळही नसेल आणि पाणीही नसेल, तर त्या दिवशी आगटी न पेटविणे हेच शहाणपणाचे. हुरडा तव्यावरही भाजता येतो, मग त्याची चव थोडी उणी का असेना.

अग्नीवर पाणी ओतणे अनेकांच्या मनाला रुचत नाही, हेही मी जाणतो. ज्या संस्कृतीच्या आद्य ग्रंथाचा, ऋग्वेदाचा, आरंभच अग्नीच्या स्तवनाने झाला, तिच्यात वाढलेल्या माणसाला विस्तव पायाने तुडवू नये, चुलीत पाणी ओतू नये, असे लहानपणापासून वाटत आलेले असते. या भावनेचा मला अत्यंत आदर आहे. परंतु होमाच्या समाप्तीलाही अग्नीचे विसर्जन असतेच. आवाहन केलेल्या देवतेला सन्मानाने निरोप देणे हा विधीचाच भाग आहे, आणि अर्धवट जळत्या विस्तवावर माती लोटून त्याला टाकून जाण्यात सन्मान कोणता?

परदेशांतून या विषयाचे काही काटेकोर निरीक्षण झालेले आहे. ऑस्ट्रेलियात सागरकिनारी व रानात मुक्काम करून शेकोटी पेटविण्याची मोठी हौस; तेथील ब्रिस्बेन शहरी भाजलेल्या बालकांवर उपचार करणाऱ्या वैद्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाहणीत असे दाखवून दिले, की शेकोटीने भाजलेली बहुतेक मुले ज्वालेने भाजलेली नव्हती, तर आदल्या रात्रीच्या, विझली असे समजून सोडून दिलेल्या निखाऱ्यांवर पाय किंवा हात पडून भाजलेली होती. त्यांनी शेकोट्या पेटवून तापमापकाने मोजणीही केली, तेव्हा पाण्याने विझविलेली शेकोटी थोड्याच वेळात निवली, आणि वाळूने बुजविलेली मात्र कित्येक तासांनंतरही भाजण्याइतकी तप्त राहिली. मोठ्या माणसाला बुजविलेला खड्डा कोठे होता हे आठवते तरी. अनवाणी धावणाऱ्या मुलाला तेथे फक्त मऊ माती दिसते. आपल्याकडे हुरड्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच रानात राखणदाराची मुले खेळत असतात, बकऱ्या चरत असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ब्रिस्बेन फार दूर वाटत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचे. २०११ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस तेथील अरण्यात मुक्कामाला आलेल्या दोघा जणांनी सकाळी फिरावयास जाताना आपली शेकोटी विझली आहे असे गृहीत धरले. ती तपासण्यासाठी त्यांच्यापैकी एकाने गोड गोळीचे एक वेष्टन तिच्यात टाकून पाहिले होते, आणि ते वितळले नाही यावरून त्याने समाधान मानले. त्या शेकोटीतून उठलेल्या वणव्याने सुमारे ५,३८,००० एकर, म्हणजे परभणी जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक तृतीयांशाएवढा प्रदेश व्यापला. ‘वॉलो’ या नावाने तो वणवा ओळखला जातो. तेथे एक बादली पाणी आणि उघडा हात यांची उणीव होती.

सेलूच्या सपाट प्रदेशात एवढी अरण्ये नाहीत, परंतु शेजारच्या जिंतूरच्या डोंगररांगांत वन आहे, आणि जो कोणी तिकडे सहलीस जाईल त्याने हे जाणून असावे, की राखीव वनात विस्तव पेटविणे किंवा वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने तो जळता सोडून जाणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या कलम २६ अन्वये गुन्हा आहे, आणि महाराष्ट्राचे वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा मानून त्याआधी जाळरेषा साफ करून ठेवते. हुरड्याचा हंगाम नेमका या काळाच्या उंबरठ्यावर संपतो. सपाटीवरचे भय निराळे आहे. ज्वारी काढून झाली, की बाटूक आणि कडबा यांच्या गंजी रानोरान उभ्या राहतात, वर्षभराचा चारा एकाच ठिकाणी रचलेला असतो. आणि त्याच सुमारास सेलूच्या बाजारात व आसपासच्या जिनिंगच्या आवारांत कापसाचे ढीग पडलेले असतात. कापसाला तर झाकलेल्या विस्तवाचे विलक्षण आकर्षण. दाबलेल्या गाठीत एक ठिणगी शिरली, तर ती गाठीच्या पोटातील हवेवर दिवसच्या दिवस धुमसते आणि गाठ मोकळी करताच भडकते, हे त्या धंद्यातील जुनी माणसे जाणतात. गंजी जळाल्यावर तलाठी येतो, पंचनामा होतो, नुकसानीचा आकडा कागदावर चढतो; जनावरांच्या दावणीत मात्र त्या कागदाने काही पडत नाही.

शेकोटीच्या निखाऱ्यांबाबत आणखी एक सूचना, विषयाला थोडी बाजूची असली तरी, येथे दिल्यावाचून पुढे जाववत नाही. परभणीची थंडी कडक. २०१८ सालच्या डिसेंबरअखेरीस येथील पारा ३ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री उरलेला विस्तव घमेल्यात भरून निजावयाच्या खोलीत नेण्याचा आणि दारे-खिडक्या लावून घेण्याचा मोह होतो. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. माणूस गुदमरून जागा होत नाही; झोपेतच शुद्ध हरपते. धूर नसलेला विस्तव निर्धोक, ही समजूत ज्या चुकीतून जन्मते त्याच चुकीतून बुजविलेल्या आगटीवरचा विश्वासही जन्मतो.

राहता राहिली राख. पूर्ण विझलेली, हाताला थंड लागणारी ओली राखसुद्धा त्याच संध्याकाळी उकिरड्यावर नेऊन टाकू नये. उकिरड्यातील वाळके शेण, कडब्याचे तुकडे आणि पालापाचोळा हे सारे धुमसण्यास अत्यंत अनुकूल इंधन आहे, आणि चुकून राहिलेल्या एका निखाऱ्याने पेटलेला उकिरडा दोन-दोन दिवस आत जळत राहून तिसऱ्या दिवशीच्या दुपारच्या वाऱ्याने गोठ्यापर्यंत पोहोचू शकतो. राख खड्ड्यातच उघडी राहू द्यावी, भोवती चार दगड मांडून ठेवावेत म्हणजे कोणाचा पाय पडणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेलेल्या माणसाने एकदा काठीने उकरून, पुन्हा हात लावून पाहावे. त्यानंतर ती रानभर पातळ विस्कटून द्यावी; तिच्यात पालाश असते, पण इकडची काळी जमीन मुळातच विम्लधर्मी असल्यामुळे एकाच जागी ढीग घालणे पिकाला मानवत नाही. खड्डा मातीने बुजवावयाचा तो त्यानंतर.